यादी आमची, संमती आमची. मग विचारणा आमच्या भाषेत का नाही?



या पत्रकातून आपण आजवर रस्ते, पाणी, कंत्राटी कामगारांचे प्रश्न, मराठी माध्यमाचे वर्ग असे विषय मांडत आलो. या वेळचा विषय वरवर पाहता राजकीय वाटणार नाही. मोबाईलवर खरेदी करताना कंपनी आपली माहिती गोळा करते आणि त्या माहितीच्या आधारे 'खास तुमच्यासाठी' म्हणून आपल्यापुढे वस्तू मांडते. हा व्यवहार प्रामाणिकपणे कसा व्हावा, हा आजचा विषय आहे.

आमच्या मते हा विषय पूर्णपणे राजकीय आहे. एका बाजूला मोजक्या बलाढ्य कंपन्या आहेत, दुसऱ्या बाजूला विखुरलेला ग्राहक आहे आणि मध्ये संसदेने केलेला एक कायदा आहे. त्याची अंमलबजावणी कशी होणार, हे येत्या काळात ठरणार आहे. त्यात आपल्या प्रदेशाला विधानसभा नाही, म्हणजे सभागृहात उभे राहून आपला प्रश्न विचारणारा आमदार नाही. जे काही म्हणायचे ते खासदारांमार्फत, प्रशासनाकडे अर्ज करून, नाहीतर संघटना म्हणून आपल्यालाच म्हणावे लागते. म्हणून वेळ हातात असतानाच बोललेले बरे.

आमची भूमिका आधीच सांगून टाकतो. आमच्या खरेदीच्या माहितीचा वापर करून आम्हाला चांगली सेवा देण्यास आमचा विरोध नाही. परंतु त्यासाठी आमची संमती हवी, आणि जी विचारणा आम्हाला समजलीच नाही तिला दिलेला होकार ही संमती नव्हे. सिल्वासातल्या मराठी माणसाला मराठीत, गुजराती माणसाला गुजरातीत विचारले गेले पाहिजे. बाकीची सारी नीतिमत्ता त्यानंतर सुरू होते.

किराणा दुकानाची वही

काही मंडळी म्हणतात, "यात नवीन काय आहे? आपला किराणा दुकानदारही आपल्याबद्दल सगळे जाणतोच की!" हे खरे आहे. ज्या दुकानात आपली उधारी चालते त्या दुकानदाराला आपल्या घरात महिन्याला किती तेल लागते, चहा कोणता लागतो, उपासाचा साबुदाणा कधी लागतो, पगार कोणत्या तारखेला होतो, हे ठाऊक असते. श्रावण लागला की तो आपण होऊन वरीचे तांदूळ पुढे करतो. ही देखील माणूस ओळखून केलेली सेवाच आहे, आणि ती आपल्याला आवडते.

पण त्या वहीचे काही न लिहिलेले नियम होते. दुकानदाराला आपल्याबद्दल काय माहीत आहे हे आपल्यालाही माहीत असे. वहीत काय लिहिले ते आपण काउंटरपलीकडून वाकून वाचू शकत होतो आणि चुकीची नोंद त्याच्यासमोर खोडायला लावत होतो. वही त्याच्या गल्ल्याजवळ राही; ती तो औषधवाल्याला किंवा कर्ज देणाऱ्याला विकत नसे. आणि हिशेब आपल्याला कळेल अशा भाषेत होत असे.

आजच्या कंपनीच्या वहीत आपण काय विकत घेतले एवढेच नसते. आपण काय शोधले, कोणत्या चित्रावर किती वेळ थांबलो, टोपलीत टाकून काय सोडून दिले, काय परत पाठवले, रात्री किती वाजता मोबाईल उघडला, पार्सल कोणत्या पत्त्यावर मागवले, हे सारे नोंदले जाऊ शकते. ही वही आपल्याला दिसत नाही, ती कुठे ठेवली आहे ते कळत नाही आणि तिच्यावरून आपल्याबद्दल काय अनुमान काढले तेही कोणी सांगत नाही. म्हणूनच किराणा दुकानदाराचे उदाहरण कंपन्यांच्या बाजूने दिले जाते तेव्हा त्याचे अर्धेच सांगितले जाते. दुकानदाराचे नियमही कंपनीने पाळावेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

सगळे जाणून घेण्याची गरज आहे का?

कंपन्यांचा नेहमीचा दावा असा की ग्राहकाबद्दल जितके जास्त कळेल तितकी सेवा चांगली देता येते. या दाव्याचे उत्तर त्यांच्याच इतिहासात आहे. ॲमेझॉनच्या तिघा अभियंत्यांनी २००३ साली आपली शिफारशीची रीत एका लेखात जगापुढे मांडली. तिचे सार अगदी साधे आहे. माणसांची तुलना करत बसण्याऐवजी वस्तूंची तुलना करायची. ही वस्तू घेणाऱ्यांनी आणखी कोणत्या वस्तू घेतल्या, याचे कोष्टक आधीच तयार ठेवायचे आणि ग्राहकाने एक वस्तू घेतली की तिच्या शेजारच्या वस्तू त्याला दाखवायच्या. मोदकाचा साचा घेणाऱ्याला तांदळाची पिठी दाखवायला त्याचे आडनाव, त्याचा पगार, त्याच्या मोबाईलमधील नातेवाइकांचे नंबर यांपैकी कशाचीही गरज लागत नाही.

दुसरी रीत त्याहून सरळ आहे. ग्राहकाला विचारावे. "तुमचे माप काय? कोणत्या भाषेतील पुस्तके दाखवू? मधुमेहींसाठीचे पदार्थ दाखवू का?" ज्याला सांगायचे तो सांगेल, ज्याला नाही सांगायचे तो नाही सांगणार. विचारून मिळालेली माहिती बहुधा अधिक अचूकही असते, कारण माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते त्याच्या बोटांच्या हालचालींवरून ओळखण्यापेक्षा सोपे आहे.

आपल्यातील जी व्यापारी मंडळी, किंवा ज्या भगिनी मसाले, पापड, लोणची ऑनलाईन विकतात, त्या म्हणतील की माहिती वापरायची नाही तर आम्ही मोठ्यांपुढे टिकायचे कसे? त्यांना आमचे सांगणे आहे की माहिती जरूर वापरा. कोणत्या गिऱ्हाइकाला तिखट कमी लागते हे लिहून ठेवा. मात्र विचारून ठेवा, त्याच कामासाठी वापरा, आणि त्याने "काढून टाका" म्हटले की काढून टाका. छोट्या विक्रेत्याची खरी पुंजी त्याच्यावरचा विश्वास हीच आहे, आणि ती मोठ्या कंपनीला विकत घेता येत नाही.

बिघडते कुठे?

पहिली गोष्ट घरातली. आपल्याकडे, विशेषतः चाळीत आणि कामगारांच्या खोल्यांत, एकच मोबाईल तीन-चार जण वापरतात. कित्येकदा शेजारचा हुशार मुलगाच आपल्या खात्यावरून सगळ्यांचे सामान मागवून देतो. कंपनीच्या लेखी मात्र हे सारे एकच 'ग्राहक' असतात. बहिणीने स्वतःसाठी शोधलेली वस्तू दुसऱ्या दिवशी भावाच्या हातातील मोबाईलवर झळकते. एखाद्याने आजारासाठी काही शोधले तर ते सगळ्या खोलीला कळते. अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीने खरेदीच्या नोंदींवरून कोणती स्त्री गरोदर आहे याचा अंदाज बांधण्याची रीत बसवली होती, हे न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ साली छापले तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. तिथे निदान प्रत्येकाचा फोन वेगळा असतो. आपल्याकडे असा अंदाज थेट घराच्या मध्यभागी येऊन पडतो. म्हणून आरोग्य, गरोदरपण, धर्म, जात यांबाबत अनुमान काढून वस्तू दाखवणे थांबले पाहिजे. ग्राहकाने स्वतः स्पष्टपणे मागितले तरच ते व्हावे.

दुसरी गोष्ट किमतीची. ओळख पटवून सोयीची वस्तू दाखवणे वेगळे आणि ओळख पटवून भाव चढवणे वेगळे. जानेवारी २०२५ मध्ये, मोबाईलचा प्रकार पाहून एकाच प्रवासाचे वेगवेगळे भाडे दाखवले जाते अशा तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर या कंपन्यांना नोटिसा पाठवल्या. कंपन्यांनी आरोप नाकारला. तो वाद एका बाजूला ठेवला तरी शंका उरते, कारण ग्राहकाला शेजाऱ्याच्या पडद्यावरचा भाव दिसत नाही. बाजारात आपण दोन दुकाने फिरून भाव काढतो. पडद्यावर प्रत्येकाला वेगळे दुकान दिसत असेल तर तुलना कशाशी करायची? ३९६२३० या पिनकोडावरून किंवा जुन्या मोबाईलवरून एखाद्याला महाग दाखवणे किंवा सवलत लपवणे हे कोणत्याही नीतीत बसत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये एकाच वर्गातील ग्राहकांत भेदभाव करण्यास मनाई आहे, हे सर्वांनी लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट, एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला लावणे. बिलासाठी नंबर घ्यायचा आणि नंतर वर्षभर जाहिरातींचे संदेश पाठवायचे, हा अनुभव वाचकांपैकी बहुतेकांना असेल. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना स्पष्ट सूचना केली की ग्राहकाने मोबाईल नंबर दिल्याशिवाय विक्री करणार नाही, असा आग्रह धरू नये. काउंटरवर नंबर मागितला तर "नंबर देणे सक्तीचे आहे का?" असे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

चौथी गोष्ट साठवणुकीची. जे साठवले जाते ते चोरीलाही जाऊ शकते. नोव्हेंबर २०२० मध्ये बिगबास्केट या ऑनलाईन किराणा कंपनीच्या सुमारे २ कोटी ग्राहकांची माहिती चोरीस गेल्याचे उघड झाले आणि कंपनीने बंगळुरूत पोलीस तक्रार नोंदवली. नाव, पत्ता, फोन नंबर बाहेर पडले की ते परत गोळा करता येत नाहीत. भामट्याचा फोन येतो तेव्हा तो आपले नाव घेऊन बोलतो, आपण अलीकडे काय मागवले तेही सांगतो, आणि म्हणूनच साधा माणूस फसतो. गरज नसलेली माहिती न साठवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला, २०१९ चे विधेयक २०२२ मध्ये मागे घेण्यात आले, आणि अखेर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. योगायोग असा की ११ ऑगस्ट हाच आपला प्रदेश १९६१ साली भारतात विधिवत विलीन झाल्याचा दिवस आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी लागू होण्यास त्या नियमांनी १८ महिन्यांची मुदत दिली, म्हणजे मे २०२७ पर्यंतची. ही मुदत कंपन्यांच्या तयारीसाठी आहे. ग्राहकांनीही ती आपल्या तयारीसाठी वापरावी.

कायद्यातील काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असायला हव्यात. संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी, समजून आणि विनाअट दिलेली असावी लागते. ती स्पष्ट कृतीने दिलेली हवी. म्हणजे गप्प बसणे हा होकार ठरत नाही. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. आपली कोणती माहिती कंपनीकडे आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि खोडून टाकायला लावण्याचा हक्क आपल्याला आहे. १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत आई-वडिलांची पडताळणी केलेली संमती लागते आणि मुलांच्या वागण्याचा माग काढणे किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे. भारतात २ कोटी किंवा त्याहून अधिक नोंदणीकृत ग्राहक असलेल्या ऑनलाईन विक्री कंपन्यांनी, ग्राहक तीन वर्षे फिरकला नाही तर त्याची माहिती पुसून टाकावी आणि पुसण्यापूर्वी किमान ४८ तास आधी त्याला कळवावे, असे नियमांत आहे. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो.

कायद्यात दिलेली दोन उदाहरणे तर आपल्या रोजच्या जगण्यातली आहेत. एक बाई औषधाच्या दुकानात खरेदी करते आणि पैसे मिळाल्याची पावती मोबाईलवर पाठवा म्हणते. दुकानदाराला तिचा नंबर त्या पावतीसाठी वापरता येतो. दुसऱ्या उदाहरणात डॉक्टरी सल्ल्याचे एक ॲप उपचारासाठी माहिती मागते आणि त्याबरोबर मोबाईलमधील सगळे नंबरही मागते. माणसाने दोन्हींना होकार दिला तरी नंबरांची यादी उपचारासाठी लागत नसल्याने तेवढी संमती धरली जात नाही. भगिनींसाठी आणखी एक विशेष: या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात सर्व व्यक्तींसाठी स्त्रीलिंगी सर्वनाम वापरले आहे. घरखर्चाची यादी ज्यांच्या हातात असते त्यांच्यापर्यंत हा कायदा पोहोचायला हवा, याची ही आठवण आम्ही समजतो.

भाषेचा खरा प्रश्न

आता मुद्द्याचे. या कायद्याच्या पाचव्या आणि सहाव्या कलमांत एक तरतूद आहे, जिची चर्चा फार थोडी झाली. संमती मागताना द्यायची सूचना ग्राहकाला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय द्यावा लागेल. त्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. मराठी आहे, गुजराती आहे, हिंदी आहे. लक्षात घ्या, हा हक्क राज्याच्या हद्दीशी बांधलेला नाही. मराठी माणूस महाराष्ट्रात राहतो की दमणगंगेच्या काठी राहतो, याने काही फरक पडत नाही. सरकारी कागद मराठीत मिळावा म्हणून आपण किती अर्ज केले हे जुन्या वाचकांना आठवत असेल. इथे तर हक्क कायद्यातच लिहिलेला आहे. तो मागायचा तेवढा राहिला आहे.

मागितल्याशिवाय मिळत नाही याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. २०२० च्या अखेरीस ॲमेझॉनच्या ॲपमध्ये मराठी नसल्याबद्दल महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने मोहीम चालवली. प्रकरण कोर्टाच्या नोटिशीपर्यंत गेले, काही कार्यालयांची मोडतोडही झाली. मोडतोडीचे समर्थन आम्ही करत नाही. पण पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२१ मध्ये, त्या ॲपवर मराठीतून खरेदीची सोय सुरू झाली, हेही खरे आहे. म्हणजे वस्तू विकायच्या असतील तर मराठी येते.

आता पुढची परीक्षा आहे. वाचकांनी आपापल्या मोबाईलवर जे कोणते खरेदीचे ॲप असेल त्याची भाषा मराठी करून पाहावी. मग खाली जाऊन गोपनीयतेची माहिती उघडावी आणि ती कोणत्या भाषेत येते, मराठीत आली तर चौथी-पाचवी शिकलेल्या माणसाला कळेल अशी आहे का, ते पाहावे. 'विकत घ्या' मराठीत आणि 'आम्ही तुमची माहिती कोणाला देतो' इंग्रजीत, असा प्रकार दिसला तर त्याला मराठीची सोय म्हणता येणार नाही. आणि यंत्राने केलेल्या बोजड भाषांतराने कायद्याची अट भागवली, असेही कोणी समजू नये. समजून दिलेली संमती म्हटल्यावर समजावून सांगणे ही मागणाऱ्याची जबाबदारी आहे.

मराठीचा आग्रह धरताना आपल्या शेजाऱ्यांना विसरून चालणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार दादरा व नगर हवेलीच्या ३,४३,७०९ लोकसंख्येपैकी निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. खानवेल, दुधनी, मांदोनीकडच्या वारली बांधवांची बोली आठव्या अनुसूचीत नाही. पार्सल त्यांच्याही पाड्यावर जाऊ लागले आहे. त्यांच्यासाठी लेखी सूचना कोणत्याही भाषेत दिली तरी ती अपुरीच पडेल. बोलून समजावण्याची सोय लागेल. ही मागणी मराठी संघटनेने केली तर तिला वजन येईल, आणि आपण केवळ आपल्यापुरते पाहतो हा आक्षेपही दूर होईल.

ग्राहक पंचायतीची यादी

माहिती देऊनही ग्राहक राजा राहू शकतो, याचे उदाहरण मराठी माणसानेच घालून दिले आहे. बिंदुमाधव जोशी यांचे नाव सिल्वासाला परके नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले त्या लढ्यात सुधीर फडके, राजा वाकणकर यांच्यासारख्या मंडळींबरोबर जे तरुण होते त्यांत तेही होते. पुढे १९७४ साली पुण्यात त्यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली, आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली.

पंचायतीची पद्धत अशी: शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक संघ होतो. प्रत्येक कुटुंब आपल्याला महिन्याला काय आणि किती हवे याची मागणी आधी नोंदवते. सगळ्या मागण्या एकत्र करून माल घाऊक खरेदी होतो, संघाच्या एका घरी उतरतो आणि सभासदच तो आपसात वाटून घेतात. विचार करा, ही कुटुंबांच्या खरेदीची सविस्तर माहितीच आहे. प्रत्येकाच्या गरजेनुसार माल मिळतो. पण यादी कुटुंबाने स्वतः लिहिलेली असते, ती कशासाठी घेतली हे प्रत्येकाला ठाऊक असते, आणि एकत्र मागणीतून होणारा फायदा सभासदाच्याच पदरात पडतो. ५० वर्षे हजारो कुटुंबांत हे चालत आले आहे. तेव्हा 'ग्राहकाला अंधारात ठेवल्याशिवाय धंदा होत नाही' असे जो म्हणेल त्याला मुंबई-ठाण्यातल्या एखाद्या संघाचे वाटप दाखवावे.

संगणक आला म्हणून हे तत्त्व बदलत नाही. कंपनीने यादी ठेवावी, पण ती उघडून दाखवावी. "हे तुम्हाला का दाखवले?" या प्रश्नाचे एका ओळीत उत्तर द्यावे. २०२० च्या नियमांनुसार वस्तूंची क्रमवारी कोणत्या निकषांवर लावली हे सोप्या भाषेत सांगणे मध्यस्थ कंपन्यांवर बंधनकारक आहेच. पैसे घेऊन वर आणलेली वस्तू आणि ग्राहकाच्या आवडीवरून वर आलेली वस्तू यांत फरक दिसला पाहिजे.

आधी आपले घर

दुसऱ्याला शहाणपण सांगताना आपल्या घरातही पाहिले पाहिजे. आपल्या मंडळांकडे, संघटनांकडे किती याद्या असतात! गणेशोत्सवाची वर्गणी, वधू-वर मेळावा, हळदी-कुंकू, गुणगौरव समारंभ, सहली. त्यांत नाव, पत्ता, फोन, शिक्षण, नोकरी, काही वेळा पगार आणि जन्मपत्रिकाही असते. या याद्यांना बाजारात किंमत आहे. दागिन्यांचे दुकान, क्लासवाले, विमा एजंट, आणि निवडणूक जवळ आली की उमेदवार, सगळ्यांनाच त्या हव्या असतात. नवीन कायद्यात 'व्यक्ती' या शब्दात व्यक्तींचे संघही येतात, आणि संगणकावर किंवा मोबाईलवर ठेवलेली यादी ही डिजिटल माहितीच आहे. तेव्हा मंडळ लहान आहे म्हणून आपण सुटलो, असे समजू नये.

आमची सूचना आहे की येत्या सर्वसाधारण सभेत एक ठराव मांडावा: संघटनेची कोणतीही यादी सभासदाच्या लेखी संमतीशिवाय कोणत्याही दुकानदाराला, कंपनीला, पक्षाला वा उमेदवाराला दिली जाणार नाही, मग तो उमेदवार आपल्याच समाजाचा का असेना. वधू-वर मेळाव्याचे अर्ज काम झाल्यावर ठरावीक मुदतीत नष्ट केले जातील. प्रत्येक अर्जावर, ही माहिती कशासाठी घेतली, हे मराठीत छापले जाईल. ज्या संघटनेने स्वतः हे पाळले तिलाच कंपन्यांना जाब विचारण्याचा अधिकार राहील.

आमच्या मागण्या

खासदार आणि प्रशासनापुढे आम्ही पुढील मागण्या ठेवत आहोत.

१) आपल्या प्रदेशात व्यवसाय करणाऱ्या सर्व ऑनलाईन विक्री कंपन्यांनी संमतीची सूचना सोप्या मराठीत आणि गुजरातीत द्यावी, ती ऐकण्याचीही सोय असावी. मे २०२७ ची वाट न पाहता हे आताच सुरू व्हावे.

२) वारली व अन्य आदिवासी बोलींत ग्राहक हक्कांची माहिती ग्रामपंचायतींमार्फत, बोलून, देण्याची व्यवस्था प्रशासनाने करावी.

३) 'खास तुमच्यासाठी' हा प्रकार ग्राहकाने सुरू केला तरच सुरू व्हावा, आणि एका बटणाने बंद करता यावा. बंद केल्यावर सेवा किंवा सवलत कमी होऊ नये.

४) पिनकोड, मोबाईलचा प्रकार किंवा पूर्वीच्या खरेदीवरून एकाच वस्तूचा भाव बदलला जातो का, याची तपासणी प्रशासनाने दोन वेगवेगळ्या मोबाईलवरून अधूनमधून करावी आणि निष्कर्ष जाहीर करावेत.

५) शाळांतून, निदान आठवीच्या पुढे, एक तास या विषयासाठी ठेवावा. घरातील मोबाईलची बटणे मुलांनाच अधिक कळतात.

वाचकांनीही आपल्यापुरते काही करावे. ॲप नंबरांची यादी, ठिकाण, फोटो मागते तेव्हा गरज पाहून नकार द्यावा. नको असलेली खाती बंद करावीत. आधीच खूण केलेली चौकट दिसली तर ती खूण काढावी. खरेदीसाठीची संमती अशा चौकटीतून घेण्यास २०२० च्या नियमांत मनाई आहे. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. एकट्याने तक्रार करणे जड वाटत असेल त्यांनी संघटनेच्या कार्यकर्त्यांना भेटावे; अर्ज लिहून देण्याचे काम आपण करू.

ॲपवरील मराठी सूचनेसंबंधी वर सांगितलेली पाहणी वाचकांनी जरूर करावी. कोणत्या ॲपवर कोणत्या भाषेत काय दिसले, ते तारखेसह कागदावर लिहून पुढील सभेपूर्वी कार्यालयात द्यावे. स्वतःचे नाव लिहिण्याची गरज नाही. ते सर्व कागद जोडूनच आपले निवेदन खासदारांना आणि प्रशासनाला दिले जाईल. पुराव्यासह गेलेले निवेदन परत फिरवणे अवघड असते.

जय हिंद! जय महाराष्ट्र!